ओळख नसलेला बर्फ

आने छिमे, म्हणजे घरातली थोरली आत्या, पलजोरच्या गेस्टहाऊसच्या पायऱ्या चढून आली, तेव्हा स्वयंपाकघरातल्या बायका हातातलं काम टाकून दाराशी गोळा झाल्या. घर बांधून चार वर्षं झाली होती आणि चार वर्षांत तिनं या उंबऱ्याला पाय लावला नव्हता. "जिभेखाली बसून मी चहा पिणार नाही," असं ती पाया खणतानाच म्हणाली होती. आने एकदा बोलली की सुमचेन गावात त्यावर पुन्हा चर्चा होत नसे.

जीभ म्हणजे गेस्टहाऊसच्या बरोबर माथ्यावरचा उतार. डोंगराच्या दोन सुळक्यांमधून बैलाची जीभ लोंबावी तसा तो खाली भागा नदीकडे आला होता. हिमलोट सुटायचा तो तिथूनच. पण गेल्या बावीस वर्षांत सुटला नव्हता. तेवढा बर्फच पडला नव्हता, आणि त्या भरवशावर पलजोरनं खालच्या सपाटीवर बारा खोल्या उभ्या केल्या होत्या.

पलजोरच्या बायकोनं, पूनमनं, पुढं होऊन आनेच्या खांद्यावरचा बर्फ झटकला. म्हातारीचे लोकरी मोजे गुडघ्यापर्यंत भिजून काळे पडले होते.

"आने, कुणाला तरी हाक मारायची ना. जुन्या घरातून इथवर एकट्या कशा आलात?"

"दोन पायांवर," आने म्हणाली. "ती कुठाय? जिच्यासाठी मला माझा शब्द गिळावा लागला, ती कुठाय?"

ती म्हणजे पूनमची आठ महिन्यांची मुलगी. आज तिची गोत्सी होती. गोत्सी मुलाची होते. मुलगा झाला की त्या हिवाळ्यात सारा गाव घरी येतो, सत्तूचा डोंगर रचतात, त्यावर लोणी ठेवतात, छांगचे, घरच्या जवाच्या दारूचे, हंडे फिरतात. मुलीची गोत्सी या घरात आजवर झाली नव्हती. पलजोरच्या आकूनं, म्हणजे धाकट्या चुलत्यानं, फुंचोगनं, तसं स्पष्ट बोलूनही दाखवलं होतं. तेव्हा चुलीपाशी बसलेल्या आनेनं मान वर न करता विचारलं होतं, "फुंचोग, तुला लहानपणी कुणी वाढवलं रे? कुठल्या मुलानं?" विषय तिथंच संपला होता. मग चाळीस पाहुणे जुन्या घरात मावेनात, म्हणून मेजवानी गेस्टहाऊसमध्ये ठरली आणि आनेला यावंच लागलं.

पोरीला मांडीवर घेऊन ती चुलीजवळ बसली. पूनमच्या माहेरची, कुल्लूची मुलं तिच्याभोवती जमली. त्यांना कालपासून नुसता आनंद झाला होता. बर्फ पाहायला म्हणूनच ती आली होती आणि परवापर्यंत इथं बर्फाचा कणही नव्हता. पूर्ण पौष बर्फाविना गेला. एक दिवस तर चक्क पाऊस पडला. माघ अर्धा सरला तरी शेतं उघडी होती, आणि बर्फावाचून गोत्सी कसली म्हणून म्हातारे कुरकुरत होते. काल दुपारी पहिले पुंजके पडले तेव्हा सगळे अंगणात नाचले होते. आज सकाळी अंगणात गुडघ्याएवढा थर होता, रस्ता बंद झाला होता आणि कुल्लूच्या बाजूच्या बोगद्याकडे जाणारी गाडी मिळण्याची आशा उरली नव्हती.

"आने, पूर्वी याच्याहून जास्त पडायचा?" एका मुलीनं विचारलं.

"याच्याहून?" आनेनं खिडकीकडे पाहिलं. "याला आम्ही पडला असं म्हणतच नव्हतो. कार्तिकात सुरू झाला की चैत्रापर्यंत तो मालक आणि आम्ही भाडेकरू. खालचं दार गाडलं जायचं. मग वरच्या मजल्याच्या खिडकीतून ये-जा. या छपरावरून त्या छपरावर, तिथून पुढच्या. सगळा गाव असा वरच्यावर फिरायचा. घरापासून गोठ्यापर्यंत बर्फात भुयार खणायचं. गाईचं दूध काढायला त्या भुयारातून दिवा घेऊन जायचं. निळा उजेड असायचा आत. पहाटे, निळा."

"भीती नाही वाटायची?"

"भीती कशाला? थंडी लागायची. रोज उठून छपरावरचा बर्फ लाकडी फावड्यानं ओढायचा, नाहीतर छप्पर बसायचं. मी सात वर्षांची असल्यापासून ओढला. आणि काय बर्फ होता तो! कोरडा. पिठासारखा. फुंकर मारली की उडायचा. पायाखाली करकर वाजायचा. त्या आवाजावरून कळायचं, उद्या काय होणार."

"आवाजावरून?"

"मग? तुमच्या आईचा आवाज ऐकून कळत नाही तुम्हाला, आज मार बसणार की खाऊ मिळणार?"

मुलं हसली. पूनम कणीक मळता मळता ऐकत होती. लग्न होऊन ती या घरात आली त्याला सहा वर्षं झाली, आणि आने बर्फाबद्दल बोलू लागली की तिला एखाद्या थोर गवयाची आठवण ऐकल्यासारखं वाटे. हिवाळ्यात सुमचेनमधलं कुणी आनेला विचारल्याशिवाय पूल ओलांडत नसे. रस्त्याचे साहेब यंत्रं घेऊन यायचे, तेही आधी जुन्या घरी थांबून चहा प्यायचे आणि सहज विचारल्यासारखं करून तिलाच विचारायचे. साठ वर्षांत तिचा अंदाज चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

पूनम मात्र सफरचंदाच्या बागेतली पोर. तिला बर्फातलं काय कळतं, असं घरात सगळ्यांनीच धरलं होतं. तिनंही.

*

पलजोरचा बाप अंगरूप बाहेरून आला तो बूट न काढताच. छपराच्या कडेवरून पाणी ठिबकत होतं. बर्फ पडतोय आणि पाणी ठिबकतंय, दोन्ही एकाच वेळी. ते त्याला आवडलं नव्हतं.

तो एकोणसाठ वर्षांचा होता आणि बर्फाला आयुष्यभर भीत आला होता. त्याचा बाप ग्यालछन रोहतांग खिंडीच्या वाटेवर बर्फात गेला, तेव्हा अंगरूप पोटात होता. बापाचा टपालाचा थैला जूनमध्ये सापडला, बाप सापडला नाही. आईनं रीतीप्रमाणे धाकट्या दिराशी घर मांडलं आणि फुंचोग झाला. दोन्ही पोरांना मोठं केलं ते बापाच्या बहिणीनं, आनेनं. तिनं लग्न केलं नाही.

"फुंचोग, सगळ्यांना घेऊन वर जुन्या घरी जाऊ या," तो म्हणाला. "आत्ता. जेवण तिथंच."

फुंचोग छांगच्या हंड्यापाशी बसला होता. थोरल्या भावाला तो आचोच म्हणायचा. "आचो, तुझं सुरू झालं का? चाळीस माणसं जुन्या घरात काय एकमेकांच्या डोक्यावर बसणार?"

"बसतील. जिवंत तर राहतील."

"अरे, जीभ कधी सुटते? तीन दिवस बर्फ पडून आभाळ फाकलं, ऊन आलं की. आज दुसराच दिवस आहे. आणि ऊन कुठाय? आनेनंच शिकवलंय ना आपल्याला? आभाळ झाकलेलं आहे तोवर निवांत जेवा. उद्या आभाळ फाकायच्या आत वर जाऊ. काय पलजोर?"

पलजोर दोघांच्या मध्ये उभा होता. घर त्याचं होतं. सासरची माणसं समोर बसली होती. बापाचं ऐकावं, तर चार वर्षं आने म्हणत होती ते खरं होतं असं कबूल केल्यासारखं होणार. "आबा, आकू म्हणतो त्यात चूक काय आहे? नियम तर तोच आहे."

"नियम!" अंगरूप म्हणाला. "तुझा आजा नियमानंच गेला का? सगळे नको म्हणत होते, तरी गेला. हट्टानं गेला. या घराण्यात बर्फापुढं हट्ट चालत नाही."

आनेच्या हातातला पेला क्षणभर थांबला. ते फक्त पूनमनं पाहिलं.

"आनेलाच विचारा," फुंचोग म्हणाला. "ती सांगेल ते करू. हो की नाही?"

सगळ्या मानांनी होकार दिला. अंगरूपलाही बरं वाटलं. लहानपणापासून त्याला एवढाच आधार होता. छपरावर बर्फ साचत जायचा, लाकडं कुरकुरायची, तो पांघरुणात थरथरायचा. मग आने दाराबाहेर जाऊन यायची आणि म्हणायची, 'झोप. आज काही नाही.' तेवढ्यावर त्याला झोप लागायची.

आनेनं पोर पूनमच्या हाती दिली आणि काठी उचलली. "पूनम, पोरीला दुसऱ्या कुणाकडे दे. तू चल माझ्याबरोबर."

"मी?" पूनम म्हणाली.

"ती?" फुंचोग म्हणाला.

दोघी बाहेर गेल्या. अंगरूप दारातून पाहत राहिला. आने अंगणाच्या कडेला गेली, काठीनं बर्फ उकरला, थेट जमिनीपर्यंत हात घातला. मग मूठ भरून दाबली. मूठ उघडली. पूनमच्या हातात तो गोळा दिला. दोघी काहीतरी बोलल्या. आनेनं जिभेकडे पाहिलं, मग मान वळवून वरच्या बाजूला, जुन्या घरामागच्या देवदारांच्या राईकडे पाहिलं. धूप जाळायला ज्यांच्या फांद्या वापरतात ती जुनी झाडं सात पिढ्या त्या घराच्या पाठीशी उभी होती. तिथं ती फार वेळ पाहत राहिली. अंगरूपला वाटलं, तिचे पाय भरून आले असावेत.

परत आली तेव्हा तिचा चेहरा त्याच्या ओळखीचा नव्हता.

"बोल आने," फुंचोग म्हणाला. "आज जीभ सुटेल?"

"माझ्या हिशोबानं आज नाही."

"बघ आचो! आणा रे ताटं..."

"थांब. माझं झालं नाही." ती दाराच्या चौकटीला टेकली. "माझा हिशोब माझ्या बर्फाचा आहे. हा तो नाही. मूठ दाबली तर पाणी निघालं. खाली जमीन गोठलेलीच नाही, ओलं गवत तसंच आहे. पौषात पाऊस पडला ना, त्याच्यावर हा नुसता येऊन बसलाय. कुठून सुटेल, कधी सुटेल..." तिनं सगळ्यांकडे पाहिलं. "मला माहीत नाही."

  हे तीन शब्द अंगरूपनं तिच्या तोंडून कधी ऐकले नव्हते.

"मग जुन्या घरी चला," तो कसाबसा म्हणाला.

"तिथंही नाही."

"आने! त्या घरात सात पिढ्या..."

"त्या सात पिढ्यांनी असा बर्फ पाहिला नव्हता, अंगरूप. मीही नाही. पुलापलीकडे शाळा आहे. दोन्ही बाजूंनी डोंगर लांब आहे. सगळी तिकडे चला. गाईसुद्धा."

फुंचोग उठला. आता त्याचा आवाज चढला होता. "म्हणजे मेजवानी टाकून? भर बर्फातून, पोरंबाळं घेऊन? पाहुणे काय म्हणतील? आणि तुलाच माहीत नाही तर आम्ही कशाच्या जोरावर चालायचं?"

"माहीत नाही, याच्याच जोरावर," आने म्हणाली. "माहीत असतं तर इथंच बसून तुझी छांग प्यायले असते."

*

पलजोर त्या दिवसाबद्दल पुढं कधी बोलला, तर आधी हेच सांगायचा की बायकोनं त्याच्याआधी निर्णय घेतला. तो अजून आकूच्या तोंडाकडे पाहत होता, तोवर पूनमनं पोरीला पाठीला बांधलं होतं आणि माहेरच्या माणसांना कुल्लूच्या बोलीत बूट घालायला सांगितलं होतं. तिच्या भावानं काहीतरी विचारलं. तिनं उत्तर दिलं, "मी हातात धरून पाहिलंय." एवढंच.

मग फुंचोगचाही नाइलाज झाला. पण एकदा निघायचं ठरल्यावर सगळ्यात जास्त ओझं त्यानंच उचललं. मटणाचं पातेलं त्यानं दोन काठ्यांना बांधलं आणि पाहुण्यांपैकी एकाला दुसरं टोक धरायला लावलं. "मेलोच तर जेवून मरू," तो म्हणाला. चौघांनी सत्तूचा डोंगर फळीसकट उचलला, वर लोण्याचा गोळा तसाच. वरून ओला बर्फ पडत होता आणि फळीवरचा डोंगर पांढरा होत चालला होता. अंगरूप वर जाऊन दोन गाई आणि वासरू सोडून घेऊन आला. त्यानं जुन्या घराचं दार ओढून घेतलं तेव्हा कुलूप लावावं की नाही, हे त्याला कळेना. लावलं नाही.

आने सगळ्यांच्या पुढं होती. एकोणऐंशी वर्षांची, कंबरेत वाकलेली, काठीनं बर्फ चाचपत, अर्धं पाऊल टाकून थांबत, मग पूर्ण टाकत. तिच्या मागं सगळे एका दोराला धरून. कुणी बोलत नव्हतं, बोलायचं नाही असं तिनं बजावलं होतं. पलजोर दुसरा होता. तिच्या पाठीकडे पाहत चालताना त्याला चार वर्षांचा राग आठवत होता, आणि तो कशाचा होता हे आठवत नव्हतं. ही बाई या वाटेनं वीस वर्षांची असताना भावाला शोधायला गेली होती. अठरा दिवस, खांद्याएवढ्या बर्फात, गडी माणसं परत फिरली तरी. हे त्यानं लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं की त्याचं काही वाटेनासं झालं होतं. आज ती त्याच्यापुढं दहा पावलांवर चालत होती आणि त्याला ते जाणवलं.

पुलाच्या मध्यावर ती थांबली. काठी घातली, काढली, पुन्हा घातली. 

"पलजोर, मागून पूनमला पुढं पाठव."

"तिला? आने, मी जातो ना."

"तू जड आहेस आणि घाईत आहेस. मघाशी तिनं मूठ उघडली आणि मला सांगितलं, हा वरून मऊ आणि खालून सरकता आहे म्हणून. मी विचारलं नव्हतं. तिच्या हाताला कळतं. मी जुनं आठवत बसते."

पूनम आली. आनेनं काठी तिच्या हातात दिली आणि स्वतः तिच्या मागं, दोराला धरून उभी राहिली. उरलेला अर्धा पूल आणि पलीकडची सगळी चढण सुमचेनची चाळीस-पंचेचाळीस माणसं कुल्लूच्या सुनेच्या पावलात पाऊल टाकत गेली. पाठीवरची पोर पूर्ण वाटभर झोपून होती.

*

शाळेच्या एका वर्गात बाकं बाजूला सारली. शेकोटी पेटली. मटण कोमट झालं होतं, ते पुन्हा ठेवलं. माणसं ओले मोजे काढून पिळत होती आणि जरा ऊब आल्यावर लगेच थट्टा सुरू झाली.

"काय फुंचोग, पातेलं वाहून खांदा उतरला का?"

"पातेलं हलकं होतं रे. तुझा मेहुणा वाटेत झाकण उघडत होता."

दुपारी तीनच्या सुमाराला फळ्यासमोर सत्तूचा डोंगर ठेवून गोत्सी झाली. पोरीचं नाव पुकारलं, यांगजोम. फुंचोगनंच पुकारलं, तीनदा, छत दणाणेल असं. पलजोरनं पूनमकडे पाहिलं. ती रडत होती आणि हसत होती.

पेले भरले जात असतानाच आवाज आला. गडगडाट नव्हता. एखाद्यानं लांबवर मोठा श्वास सोडावा तसा, आणि संपेचना. शाळेच्या खिडक्या थरथरल्या. सगळे बाहेर धावले. पलीकडे काही दिसत नव्हतं, नुसता करडा धूर. कुणीतरी म्हणालं, "जीभ! जीभ आली!" आणि पलजोर धुरात आपलं छप्पर शोधू लागला. बारा खोल्या.

धूर बसायला पाव तास लागला.

जीभ जागच्या जागी होती. गेस्टहाऊस उभं होतं, हिरवं छप्पर पांढऱ्याखालून दिसत होतं. वरच्या बाजूला, जिथं धुपाची झाडं होती, तिथं डोंगराला एक काळी, ओली, उघडी जखम पडली होती. एकही झाड उभं नव्हतं. बर्फ, माती आणि खोडं यांचा ढीग जुन्या घराच्या पाठभिंतीतून आत शिरला होता. स्वयंपाकघर आणि आनेची निजायची खोली त्याच्याखाली होती. पुढची भिंत तेवढी सरळ उभी होती, आणि तिला दार होतं.

 मग फुंचोग आनेपाशी गेला आणि तिच्यापुढं गुडघ्यांवर बसला.  तिनं त्याच्या टोपीवर हात ठेवला.

"पलजोर," ती म्हणाली, "तुझं घर वाचलं आणि माझं गेलं. चार वर्षं तुला बोल लावले. मला त्यात काही कळत नव्हतं."

"असं नको म्हणूस, आने."

"का नको? खरं आहे ते. मला आता राहायला जागा लागेल. उन्हाची खोली दे. आणि हिवाळ्यात जीभ भरली की तिथून हाकलून इकडे आण मला, काय?"

*

माणसं आत गेली तरी अंगरूप व्हरांड्यात उभा होता. आने त्याच्याशेजारी बाकावर टेकली.

"मी तुम्हाला सगळ्यांना तिकडेच नेणार होतो," तो म्हणाला. "माझं ऐकलं असतं तर चाळीस माणसं त्या स्वयंपाकघरात असती."

"हो."

"तू नुसतं 'हो चला' म्हणाली असतीस तरी कुणी काही म्हटलं नसतं."

"म्हणून तर म्हणता आलं नाही." ती म्हणाली. "अंगरूप, मघाशी तू बापाबद्दल बोललास. हट्टानं गेला म्हणालास. ते तसं नव्हतं. तुझी आई तसं सांगायची, कारण मी तिच्या पाया पडून तिला तसं सांगायला लावलं."

त्यानं वळून पाहिलं.

"ग्यालछननं मला विचारलं होतं. माझ्या आज्यानंतर घरात बर्फ मलाच कळायचा, सगळे म्हणायचे. मी वीस वर्षांची होते आणि मला त्याचा फार गर्व होता. मी बाहेर गेले. कोरडा होता, करकर वाजत होता, वारा पडलेला. मी म्हटलं, दोन दिवस काही नाही. जा. तो माझ्या शब्दावर गेला. हसत गेला." तिचा आवाज स्थिर होता. "तो बर्फ मला पूर्ण येत होता, अंगरूप. तरी चुकले. त्यानंतर साठ वर्षं लोक मला विचारत आले आणि मी सांगत आले. कारण नाही सांगितलं तरी ते जाणारच होते, आणि सांगायचं तर ठामच सांगायला लागतं, नाहीतर लोक ऐकत नाहीत असं मला वाटायचं. दर वेळी माणूस परत येईपर्यंत मी अन्न घेतलं नाही. तुला वाटायचं, मी उपास करते."

अंगरूपला ते उपास आठवले. दर हिवाळ्यात किती. आई म्हणायची, आने देवभोळी आहे.

 सबंध आयुष्य तो ज्याच्यावर चिडला होता तो हट्टी बाप त्याच्या डोळ्यांसमोरून निघून गेला, आणि त्या जागी बहिणीच्या शब्दावर हसत निघालेला एक तरुण टपालवाला उभा राहिला. अंगरूपला तो आवडला. मग त्यानं शेजारी बसलेल्या बाईकडे पाहिलं. रागवायला हवं, असं त्याला वाटत होतं. त्यानं राग शोधलाही. पण त्याला दिसत होती ती वीस वर्षांची एक पोर, जी अठरा दिवस बर्फ उपसून परत आली आणि तिनं दुसऱ्याच दिवशी पुन्हा बाहेर जाऊन बर्फात हात घातला, कारण कुणीतरी विचारायला आलं होतं.

"हसत गेला?" त्यानं विचारलं.

"हो. म्हणाला, तू चुकलीस तर तुझ्या लग्नाला येणार नाही."

अंगरूपच्या तोंडून हसूच फुटलं, आणि मग दोघांनाही ते आवरेना. आतून पूनम पाहायला आली. दोन म्हातारी माणसं एकमेकांच्या खांद्याला धरून हसताहेत की रडताहेत, तिला कळलं नाही. ती तशीच आत गेली आणि दोन पेले चहा घेऊन आली, लोणी जास्त घालून.

*

सकाळी आभाळ फाकलं. ऊन आलं आणि सगळं खोरं ठिबकू लागलं. शाळेच्या पायऱ्यांशी शाळेच्या वरच्या वाडीचा ताशी अंगदुई उभा होता. पाठीवर रिकामी टोपली, सोबत दोन बैल. त्याच्या गोठ्यात चारा संपला होता आणि सुनेच्या माहेरून आणायला त्याला पूल ओलांडून जिभेखालून जायचं होतं. काल काय झालं, आने काय म्हणाली, हे रातोरात सगळ्या वाड्यांना कळलं होतं. गावाच्या मोठ्या म्हातारीला बर्फ कळेनासा झाला, हेही.

"आने," त्यानं खालूनच हाक मारली, "जाऊ का?"

फुंचोग पुढं झाला. "अरे, तिनं काल स्वतः सांगितलं ना, तिला..."

"ऐकलंय मी," ताशी म्हणाला. "म्हणून तर आलो. जाऊ का, आने?"

आने बाहेर आली. उन्हाला डोळे मिचकावत तिनं जिभेकडे पाहिलं, मग उघड्या डोंगराकडे, मग पायाखाली.

"मला माहीत नाही, ताशी," ती म्हणाली. "पूनम, चल गं. अंगरूप, तूही ये, भीत भीत का होईना. बघू या तिघं मिळून."

ताशीनं टोपली उतरवली, बैलांचे दोर खांबाला बांधले आणि पायरीवर बसून वाट पाहू लागला.